पांढरा जमेपर्यंत

तळाच्या ओळीतलं डावीकडून तिसरं पॅनेल किंचित गुलाबी होतं. किंचित म्हणजे किती, तर भिंतीवर एखादं चित्र चालू असताना कुणाच्या लक्षातही येऊ नये इतकं. ढग दाखवा, समुद्र दाखवा, झाडाचं पान दाखवा, ते बाकीच्यांत बेमालूम मिसळून जायचं. पण सगळी भिंत पांढरी केली आणि जरा मागे सरून उभं राहिलं, की धुतलेल्या चादरीवर कुणी सरबत सांडून घाईघाईने पुसावं तसा तो चौकोन वेगळा दिसायचा. त्याच्या शेजारचा निळसर. वरच्या ओळीतले दोन पिवळट. पांढरा एकच, पण त्याच्या तऱ्हा अशा अनेक.

दोष पॅनेलांचा नव्हता. ती एकदम आलेली नव्हती. जशी मिळत गेली तशी, वेगवेगळ्या खेपांत जमवलेली होती. आणि दोन खेपांमधले दिवे कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत. हे धाकटीला पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण मोजमाप हेच तिचं पोटापाण्याचं काम. दुकानांतले तराजू, दवाखान्यांतले तापमापक, कारखान्यांतले दाबमापक जिथे तपासायला येतात त्या प्रयोगशाळेत ती होती. केस पिकायला लागले, चष्म्याची काच जाड झाली, तरी घरात ती धाकटीच राहिली; दादापेक्षा लहान, म्हणून धाकटी. लग्न तिने केलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारणारे लोकही आता विचारून विचारून दमले होते.

दिव्यांच्या त्या सगळ्या मांडणीला घरात सगळे ‘भिंत’ म्हणत. खिडकीच्या चौकटीपासून कपाटापर्यंत अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर लोहचुंबकांनी धरून ठेवलेली पॅनेलं, प्रत्येक पॅनेलवर मोहरीएवढे असंख्य दिवे, आणि एकेका दिव्याच्या पोटात तांबडा, हिरवा, निळा असे तीन कण. मागच्या बाजूने एका पॅनेलातून दुसऱ्यात जाणाऱ्या चपट्या वायरी, खाली जमिनीवर पॉवर सप्लाय, आणि उजव्या कडेला, हाताच्या पंज्यात मावेल एवढा कंट्रोलर. हे सगळं तिने एकटीने उभं केलं होतं. कशासाठी, असं कुणी विचारलं तर तिला धड सांगता यायचं नाही. संध्याकाळी कामावरून आली की ती पडदा ओढायची, स्टुलावर बसायची, आणि धुकं हळूहळू विरत जाईल असं काहीतरी भिंतीवर लावायची. धुकं बोलत नसे. जेवलीस का, असं विचारत नसे.

एवढंच असतं तर कुणाची काही हरकत नव्हती. पण ती खोली आईची होती.

म्हणजे व्हायची होती. वडील गेल्यावर आई दादा-वहिनीकडे राहिली. पुढे धाकटीने हे दोन खोल्यांचं घर घेतलं तेव्हा सर्वांसमक्ष ठरलं, एक खोली तिची, एक आईची. मग भिंत सुरू झाली. टेबल आलं, टेबलावर वायरींना डाग द्यायचं सामान आलं, कोपऱ्यात खोक्यांची चळत लागली, आणि पलंगाला जागा उरली नाही. “भिंतीचं काम उरकलं की हा पसारा निघेल, मग आणते आईला,” धाकटी म्हणाली. तेव्हा ते वाक्य खरं होतं. वर्ष उलटलं, दुसरंही उलटत आलं. वहिनीने विचारलं की धाकटीचं उत्तर तयार असे, “अजून पांढरा जमत नाहीये गं.”

“नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं आहे बाई तुझ्या या पांढऱ्याचं,” वहिनी म्हणायची आणि हसायची. ती शाळेत शिकवायची. एखाद्याला एखादी गोष्ट जमायला वेळ लागतो, हे तिला रोजच दिसत होतं.

खरी गोष्ट अशी, की पांढरा जमला होता. गेल्या हिवाळ्यातच जमला होता. प्रकाशमापक घेऊन धाकटीने एकेक पॅनेल मोजलं होतं, कुणाचा तांबडा किती दाबायचा, कुणाचा निळा किती उतरवायचा याचे आकडे काढले होते, आणि ते कंट्रोलरला पढवले होते. आधीचं आणि नंतरचं डोळ्यांनी ताडून बघता यावं म्हणून सांगाड्याच्या उजव्या कडेला तिने एक खटका बसवला होता. खटका खाली, की भिंत मूळची, ठिगळांची. खटका वर, की भिंत एकसंध.

खोटं बोलायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. वहिनी एकदा न सांगता आली, तेव्हा खटका योगायोगाने खाली होता. “हे ठिगळं लावल्यासारखं काय दिसतंय?” वहिनीने विचारलं, आणि “ते अजून व्हायचंय” असं धाकटीच्या तोंडून निघून गेलं. पुढच्या खेपेला वहिनी सांगून आली. दारावरची घंटा वाजली आणि जाता जाता धाकटीने खटका खाली केला; पाहुणे आले की आपण पायपुसणं सरळ करतो, विस्कटलेली उशी नीट ठेवतो, तसा. मग ती हाताची सवयच झाली. हाताला लाज नसते. ती मागाहून येते, दार लावून आपण एकटे उरलो की, कानांच्या पाळ्या गरम करत.

आणि आईत वाईट असं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती. आई कजाग असती, टोचून बोलणारी असती, तर चारचौघांत सांगता आलं असतं. पण आई टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होती. उभा जन्म दोन माणसांना एकमेकांशी बोलतं करण्यात गेलेला. शांतता म्हणजे तिच्या लेखी तुटलेली लाइन, ती जोडायलाच हवी. ती रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची, उतू जाणाऱ्या दुधाला दटावायची, आणि धाकटी गप्प बसली की “काय झालं गं?” म्हणून विचारायची. धाकटीचा जीव होता आईवर. फक्त तो आठवड्यातून एकदा, फोनवरून, नीट राहायचा. आता हे कुणाला सांगायचं? मला माझ्या आईचं बोलणं सोसत नाही, असं? एका पारड्यात दिलेला शब्द होता; दुसऱ्या पारड्यात टाकायला तिच्याकडे एवढंच होतं, आणि त्याचं वजन काय भरतं हे तिला चांगलं कळत होतं.

गुरुवारी वहिनीचा फोन आला.

“मला मुख्याध्यापिका करतायत.”

“अगं वा! वहिनी, अभिनंदन!”

“थांब, आधी ऐक तरी. दुसऱ्या गावच्या शाळेत. ह्यांना तिथून काम करता येईल, त्याचं काही नाही. राहायला घर देतायत, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. आईंचे गुडघे तुला माहितीच आहेत. सोमवारी होय की नाही ते कळवायचंय. मी घाई करत नाही हं तुला. फक्त तुझं काम कुठवर आलंय ते बघून जाऊ. रविवारी येतो तिघंही.”

“या ना. पण पांढरा अजून...”

“माहितीये गं,” वहिनी म्हणाली. चिडून नाही, दमून.

रविवारी दुपारी घंटा वाजली, आणि धाकटीचा हात आपसूक खटक्याकडे गेला. या वेळी तो तिथे क्षणभर थांबला. मग त्याने आपलं काम केलं.

“तुमच्या लिफ्टमधली बाई काय गोड बोलते गं!” आई दारातूनच सुरू झाली. “पण मेलीला एकच वाक्य शिकवलंय. दार बंद होत आहे, दार बंद होत आहे. मी म्हटलं, होऊ दे की बाई, त्यात काय एवढं!”

“लिफ्टशी भांडत होती,” दादा बूट काढता काढता म्हणाला. “आत दोन माणसं होती, ती आमच्याकडे बघायला लागली.”

“भांडत कसली? उत्तर देत होते. कुणी बोललं तर उत्तर द्यावं माणसाने.” आईने धाकटीच्या गालावरून हात फिरवला. “वाळलीस. काय झालं गं?”

“काही नाही आई. ये, बस.”

खोलीत एकच स्टूल होतं, त्यावर आईला बसवलं. दादा खोक्यांच्या चळतीला टेकून उभा राहिला, वहिनी खिडकीपाशी. धाकटीने पडदा ओढला आणि भिंत पांढरी केली. ठिगळं उजळली.

“याच्यावर मॅच काय झकास दिसेल!” दादा म्हणाला. “पांढऱ्याचं एवढं काय घेऊन बसलीस? मैदान हिरवं असतं.”

“खेळाडू पांढऱ्या कपड्यांतले असले म्हणजे?” आई म्हणाली.

“मग एक जण गुलाबी दिसेल. पटकन ओळखू येईल.”

“अहो, जरा गप्प बसता का?” वहिनी म्हणाली.

आई भिंतीकडे टक लावून बघत होती. चष्मा कपाळावर चढवून तिने एकदा पाहिलं, डोळ्यांवर आणून पुन्हा पाहिलं. “मला विचाराल तर छान आहे. एका आईची पोरं तरी कुठे सगळी एका रंगाची असतात? हा माझा थोरला पिवळट, ही धाकटी निळी. मी तर पलंगावर पडल्या पडल्या यांच्याशी गप्पा मारेन.”

“नाही आई,” धाकटी म्हणाली. “अर्धवट काम तसंच कसं ठेवायचं?” आपला आवाज तिला ऐकू आला. एखादा तराजू परत पाठवताना ती हाच आवाज वापरायची.

“अंदाजे किती लागेल अजून?” वहिनीने विचारलं. “महिना? सहा महिने? मी धरून बसणार नाही तुला, नुसता अंदाज सांग.”

“तसं सांगता येत नाही गं. मोजत जावं लागतं.”

“बरं,” वहिनी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. पडदा ओढलेला होता. ती पडद्याकडेच बघत होती.

आईला ते बहुधा बघवलं नाही. “चला, चहा करू या कुणीतरी,” असं म्हणत ती उठली. गुडघा मोडेना, म्हणून तिने आधाराला हात पुढे केला आणि सांगाड्याची उजवी कड धरली. खट् असा बारीक आवाज झाला.

ठिगळं विरघळली. गुलाबी गेला, निळसर गेला, पिवळट गेले. खिडकीपासून कपाटापर्यंत एकच सलग पांढरं पसरलं.

“झालं!” दादा ओरडला. “अगं, झालं की!”

“माझा हात लागला!” आई आपल्या हाताकडे बघत होती. “मी नुसता हात लावला, देवाशप्पथ. एक्स्चेंजातही असंच व्हायचं. एखाद्याची लाइन काही केल्या लागेना, की म्हणायचे, बाईंना बोलवा, त्यांच्या हाताला गुण आहे.”

“लूज कॉन्टॅक्ट!” दादाने टाळी वाजवली. “दोन वर्षं ही बया आकडेमोड करतीये, आणि होता काय, तर लूज कॉन्टॅक्ट! तपासनीस बाईंच्या घरात! हे मी मरेपर्यंत ऐकवणार तुला.”

“हो,” धाकटी म्हणाली. “तसंच असेल.”

म्हणून झाल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. आजवर कुठल्याही उपकरणाबद्दल ‘तसंच असेल’ असं तिने म्हटलं नव्हतं. हाताखालच्या पोरींनी म्हटलं तर ती त्यांना परत टेबलाशी पाठवायची.

“थांब, पुन्हा बघू,” आई म्हणाली, आणि चाचपून खटका खाली केला. ठिगळं आली. वर केला. गेली. “खेळण्यासारखं आहे की! सूनबाई, ये, तूही करून बघ.”

वहिनी जवळ आली. खटका करायला म्हणून ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तेव्हा धाकटीला आठवलं. प्रयोगशाळेत तपासणीत उतरलेल्या प्रत्येक वस्तूवर एक हिरवी चिठ्ठी चिकटवतात; वस्तू काय, तपासल्याची तारीख, तपासणाऱ्याची सही. चिठ्ठीशिवाय कुठलीच वस्तू टेबलावरून हलत नाही. गेल्या हिवाळ्यात, ज्या संध्याकाळी शेवटचं पॅनेल बाकीच्यांशी जुळलं, त्या संध्याकाळी तिच्या हाताने खटक्याखाली तशीच एक चिठ्ठी डकवली होती. ‘पांढरा, सर्व पॅनेल. योग्य.’ तारीख. सही. श्वास घेतल्याचं लक्षात राहात नाही, तसं हेही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

वहिनीने ती वाचली. विद्यार्थ्याने आईची म्हणून स्वतःच केलेली सही ओळखणारे डोळे होते ते. तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं, आणि सरळ उभी राहिली, ती नेमकी खटक्याच्या आड, दादाला आणि आईला चिठ्ठी दिसणार नाही अशी.

“तुम्ही बसा आई,” ती म्हणाली. “चहा मी टाकते.”

धाकटी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. जायला पाय तयार नव्हते, पण खोलीत त्या पांढऱ्या उजेडात उभं राहणं त्याहून कठीण होतं.

“कप कुठे असतात?” वहिनीने विचारलं.

“वरच्या फळीवर.”

वहिनीने कप उतरवले, एकेक करून ओट्यावर मांडले. “गेल्या हिवाळ्यातली तारीख आहे.”

“हो.”

“सही तुझीच.”

“हो.”

“मला वाटलं, तू म्हणशील, ती दुसऱ्याच कशाची तरी आहे.” वहिनीने पातेल्यात पाणी घेतलं. “चिठ्ठीवर खोटं लिहिता येत नाही तुला. बोलता मात्र येतं.”

धाकटीने मान खाली घातली. मग तिच्या तोंडून जे निघालं त्याची तिला पुढे कितीतरी दिवस शरम वाटणार होती. “आईला सांगू नकोस,” ती म्हणाली.

“मी कशाला सांगू?” वहिनीचा आवाज चढला, आणि खोलीकडे बघून तिने तो खाली आणला. “अगं, मी शाळेत कौतुकाने सांगत फिरले. आमची नणंद म्हणजे काय विचारू नका, केसाएवढा फरक असला तरी काम पुढे सरकू द्यायची नाही. कौतुकाने! तुला नको होतं, तर ‘नको’ म्हणायचंस. मी चिडले असते, चार दिवस तुझ्याशी बोलले नसते, आणि मग दुसरं काहीतरी बघितलं असतं. तू ‘नको’ही म्हणाली नाहीस. मला आशेवर ठेवलंस.”

“चुकलं माझं.”

“ते दिसतंच आहे.” वहिनीने गॅस पेटवला. “जाऊ दे. मी उद्या नाही म्हणून कळवते. पुन्हा विचारतील केव्हातरी.” पाण्याकडे बघत ती पुढे म्हणाली, “नाही विचारणार. या वयात कोण पुन्हा विचारतंय?”

पाण्याला आधण आलं तशी वहिनीने चहापूड टाकली. पलीकडून आईचा आवाज येत होता. आपण हळू बोलतोय असं आईला वाटलं, की तो नेहमीपेक्षा अधिक स्पष्ट ऐकू यायचा. एक्स्चेंजातला कमावलेला आवाज.

“मी येईन रे तुमच्याबरोबर. तिसरा मजला तर तिसरा मजला. एकदा मला खुर्चीत घालून वर नेऊन ठेवा. मग खाली उतरायचंच नाही, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच मिटला.”

“काहीतरीच काय आई! कायमची वरच बसणार?”

“खिडकी असेल ना? येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारेन. सूनबाईला होय म्हणून कळवू दे. तिने किती दिवस काढले माझ्यापायी.”

“पण आता भिंत झालीये की हिची. इथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे. इथेच राहा.”

“झाली असेल.” आई थोडा वेळ थांबली, आईच्या मानाने बराच वेळ. “तिला घाई नको करूस. ती लहान होती ना, तेव्हा मी ड्यूटीवरून आले की बडबड करत सुटायची, आणि ही पलंगाखाली जाऊन बसायची. कानांवर हात ठेवून. मला काय कळत नव्हतं? पण मला थांबता येत नाही रे. तोंड मिटलं की आपण मेलोबिलो की काय असं वाटतं.” आई हसली. “तिला हवा असलेला वेळ घेऊ दे. मी काय, कुठेही माझं भागेल.”

चहा उतू जायला लागला, तो वहिनीनेच उतरवला. धाकटी ओट्याची कड धरून उभी होती. आईला खटक्याचं काही माहीत नव्हतं. पण ज्यासाठी खटका होता ते माहीत होतं, आणि तरीही ती इतके महिने दर फोनवर विचारत होती, जमला का गं तुझा पांढरा? आपण तिच्यापासून जे लपवलं ते तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे तिने आपल्यापासून लपवून ठेवलं होतं. फरक एवढाच, की तिने ते आपल्यासाठी लपवलं होतं.

“वहिनी,” धाकटी म्हणाली, “कप नंतर आण. आधी ये माझ्याबरोबर.”

ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आई स्टुलावर, दादा भिंतीचा फोटो काढत होता. तिच्याकडे बघून आईने तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा पाहून मिटलं.

“लूज कॉन्टॅक्ट नव्हता, दादा,” धाकटी म्हणाली. “भिंत गेल्या हिवाळ्यातच झाली होती. तुम्ही आलात की मी तो खटका खाली करून ठेवायची. मुद्दाम. आजही केला.”

दादाच्या हातातला फोन तसाच राहिला. वहिनी मागे उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. कुणीतरी काहीतरी बोलावं, ओरडावं, असं धाकटीला वाटलं. आईने बोलावं. आई गप्प होती. बोटं एकमेकांत गुंतवून, ओठ घट्ट मिटून ती लेकीकडे बघत होती, आणि ते गप्प बसणं तिला किती जड जातंय हे सगळ्या खोलीला दिसत होतं.

“वहिनी उद्या होय म्हणून कळवणार आहे,” धाकटी म्हणाली. “आणि आई, तू कुठल्या तिसऱ्या मजल्यावर जायचं नाहीस. संध्याकाळी मी आले की थोडा वेळ मला गप्प बसू दे, तेवढं मी मागून घेते. पण राहायचंस इथे. माझ्याकडे, या खोलीत.”